हाकेचा धनी कोण?

श्रोतेहो, संकटात सापडलेल्या माणसाने मारलेली हाक कोणी ऐकावयाची, ऐकल्यानंतर कोणी धावून जावयाचे आणि त्या धावण्याचा खर्च कोणी सोसावयाचा, हे तीन प्रश्न वरवर पाहता एकच वाटतात. परंतु इतिहासाच्या उजेडात पाहिले म्हणजे ध्यानी येते की, हे तीन प्रश्न निरनिराळे आहेत आणि आपल्या देशात त्यांची उत्तरेही तीन निरनिराळ्या कचेऱ्यांत ठेवलेली आहेत. दूरध्वनी आल्यापासून ही ताटातूट कशी होत गेली, याचा थोडासा आढावा आज मी एका जिल्ह्याच्या निमित्ताने घेणार आहे. तो जिल्हा म्हणजे बालाघाट.

महाराष्ट्राच्या गोंदिया जिल्ह्याला खेटून असलेला, वैनगंगेच्या काठचा हा मुलूख मराठी वाचकाला परका नाही. भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे काही भाग एकत्र करून १८६७ साली तो निर्माण झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी तो मध्यप्रांताच्या नागपूर विभागातच गणला जात होता आणि १९५६ पर्यंत त्याच्या राजधानीचे गाव नागपूर हेच होते. जिल्ह्याचे क्षेत्रफळ ९,२२९ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १७ लाखांहून थोडी अधिक होती. दक्षिणेस वैनगंगेच्या खोऱ्यातील भातशेती, उत्तरेस आणि पूर्वेस सातपुड्याचे पठार, बैहर-लांजीकडील दाट अरण्य, भरवेलीच्या मँगनीजच्या आणि मलाजखंडच्या तांब्याच्या खाणी असा हा विविध प्रदेश आहे. अशा प्रदेशात आग, पूर, अपघात, बाळंतपणातील अडचण किंवा दरोडा यांपैकी काहीही घडले, तर हाक पोहोचणे ही एक गोष्ट आणि मदत पोहोचणे ही अगदी दुसरी गोष्ट होय.

दूरध्वनीच्या आधी येथे हाक पोहोचविणारा मनुष्य होता. महाराष्ट्रात ज्याला कोतवाल म्हणतात, त्यालाच मध्यप्रांतात कोटवार म्हणत. गावात चोरी झाली, खून झाला, साथ आली की ठाण्यावर चालत जाऊन वर्दी देणे हे त्याचे काम. जन्ममृत्यूच्या नोंदीही तोच नेऊन पोहोचवी. त्याचा पोटापाण्याचा बंदोबस्त गावच करी. शेतकऱ्यांकडून सुगीला मिळणारे धान्य हे त्याचे वेतन असे. पुढे त्याच्या नेमणुकीला आणि मेहनतान्याला कायद्याचा आधार मिळाला आणि मध्य प्रदेशाच्या १९५९ च्या भूराजस्व संहितेतही कोटवाराचे स्थान कायम राहिले. या व्यवस्थेची स्तुती करण्याचे मला कारण नाही. कोटवार बहुधा दलित समाजातील असे, त्याच्यावर वेठीचे ओझे असे आणि त्याचे पाय जितके चालतील तितकीच ती व्यवस्था चाले. पण तिच्यात एक गोष्ट स्पष्ट होती. हाक नेणारा कोण, त्याला पोसणारे कोण आणि तो चुकला तर जाब विचारणारे कोण, हे गावातल्या लहान पोरालाही ठाऊक होते.

यानंतर आले १८८२ हे वर्ष. २८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे दूरध्वनीची पहिली केंद्रे अधिकृतपणे सुरू झाली. त्याच वर्षी १८ मे रोजी लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्यासंबंधीचा प्रसिद्ध ठराव निघाला. चार महिन्यांच्या आत या दोन्ही गोष्टी आपल्याकडे अवतरल्या. एकीमुळे दूरच्या माणसाशी बोलता येऊ लागले, दुसरीमुळे जवळच्या कारभाराविषयी बोलता येऊ लागले. त्या दोन्ही हातात हात घालून वाढल्या असत्या तर कदाचित आजचा इतिहास वेगळा झाला असता. पण कायद्याने त्यांना पहिल्यापासून वेगळे वाढविले.

ते कसे, हे पाहण्यासारखे आहे. दूरध्वनी म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तारायंत्रच, असा निर्णय इंग्लंडमधील न्यायालयाने १८८० सालीच दिला होता. हिंदुस्थानात १८८५ चा तारायंत्र कायदा झाला आणि तारायंत्रे उभारण्याचा व चालविण्याचा अनन्य अधिकार त्याने मध्यवर्ती सरकारच्या हाती दिला. खासगी कंपनीला परवाना मिळू शके. परंतु जिल्ह्याच्या किंवा शहराच्या लोकनियुक्त सभेला या कामात वाटा असावा, ही कल्पना त्या कायद्याच्या मुळाशी नव्हती. इकडे मध्यप्रांतात १८८३ च्या कायद्याने लोकल बोर्डे व जिल्हा कौन्सिले स्थापन झाली. त्यांच्याकडे रस्ते, शाळा, दवाखाने, कोंडवाडे ही कामे आली आणि सारा-वसुलीवरील उपकर व कोंडवाड्याचे उत्पन्न असे तुटपुंजे साधन आले. म्हणजे दवाखाना स्थानिक संस्थेचा, दवाखान्याकडे जाणारा रस्ता स्थानिक संस्थेचा, पण दवाखान्याला निरोप देणारी तार मात्र दूरच्या सरकारची. ही विभागणी जी एकदा झाली ती झालीच.

इतर देशांत हा प्रश्न कसा सुटला? इंग्लंडात नोव्हेंबर १९३५ मध्ये लंडनच्या विंपोल स्ट्रीटवर एका घराला आग लागून पाच स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. शेजारच्या गृहस्थाने दूरध्वनी केला होता, पण केंद्रावरील रांगेत तो खोळंबून राहिला. त्याने वृत्तपत्राकडे पत्र लिहिले, चौकशी झाली आणि ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ हा क्रमांक सुरू झाला. तेथेही तार सरकारच्या टपालखात्याची होती. मात्र एका कुटुंबाच्या दुर्दैवातून सर्व जनतेला जाब विचारण्याची वाट मिळाली, हे विसरता येत नाही.

अमेरिकेत वाट आणखी वेगळी पडली. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी अलाबामा राज्यातील हेलीव्हिल या लहानशा गावात ९११ या क्रमांकावरून पहिले संभाषण झाले. ते महापौरांच्या कचेरीतून पोलीस ठाण्यात करण्यात आले. हा योगायोग बोलका आहे. तेथे पोलीस आणि अग्निशामक दल ही मुख्यतः शहराची किंवा काऊंटीची खाती आहेत. काऊंटी म्हणजे साधारणतः आपल्याकडील जिल्हा. त्यामुळे हाक ऐकणारी खोलीही बहुधा काऊंटीनेच उभारली, तिच्यासाठी ठिकठिकाणी मंडळे नेमली गेली आणि प्रत्येक दूरध्वनीच्या बिलावर लहानसा अधिभार बसवून खर्चाची सोय करण्यात आली. सगळेच सुरळीत झाले असे नव्हे. कित्येक राज्यांनी तो पैसा दुसऱ्याच कामांकडे वळविला. अखेर २००८ साली कायदा करून, हा अधिभार कोठे खर्च होतो याचा अहवाल दरवर्षी काँग्रेसपुढे ठेवण्याचे बंधन घालावे लागले. पण तक्रार करावयाची कोणाकडे, हे तेथील नागरिकाला माहीत होते, कारण ती रक्कम त्याच्याच बिलावर छापलेली होती.

आता पुन्हा बालाघाटकडे वळू. स्वातंत्र्यानंतर लगेच येथे एक धाडसी प्रयोग झाला, त्याची आठवण आज फारशी उरलेली नाही. द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या पुढाकाराने मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने १९४८ साली स्थानिक शासनाचा नवा कायदा केला आणि १ जुलै १९४८ पासून तहसिलीच्या क्षेत्रावर जनपद सभा स्थापन झाल्या. जिल्ह्यातील सरकारी कारभार आणि लोकांनी निवडलेली सभा यांना एकाच चौकटीत बसवावे, तहसील हाच लोकराज्याचा पाया व्हावा, असा त्यामागील विचार होता. तो पुरता साधला नाही. अधिकार पुष्कळसे कागदावर राहिले, पैसा त्याहून कमी आला आणि १९६२ च्या पंचायत कायद्याने त्या व्यवस्थेची जागा घेतली. तथापि आजही मध्य प्रदेशात मधल्या पातळीवरील पंचायतीला ‘जनपद पंचायत’ म्हणतात. नाव राहिले आहे. त्या नावामागील कल्पना मात्र तपासून पाहण्याची गरज आहे.

कारण त्याच सुमारास राज्यघटनेने जुनी विभागणी पक्की केली. टपाल, तार, दूरध्वनी व बिनतारी संदेश हे विषय संघसूचीत गेले. पोलीस, सार्वजनिक आरोग्य आणि स्थानिक शासन हे राज्यसूचीत राहिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिले आणि त्याची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. नागपूर हे शेजारचे शहर. भोपाळ त्याहून कितीतरी दूर. बालाघाटच्या माणसाची हाक ऐकणारा कान अशा रीतीने आणखी लांबणीवर पडला.

पुढे १९९२ च्या घटनादुरुस्त्या आल्या. त्या वेळी स्थानिक संस्थांना कोणती कामे द्यावीत याच्या दोन सूची तयार झाल्या. नगरपालिकांसाठी बारावी अनुसूची, पंचायतींसाठी अकरावी. बाराव्या अनुसूचीत सातव्या क्रमांकावर ‘अग्निशमन सेवा’ आहे. अकराव्या अनुसूचीतील एकोणतीस विषयांत ती नाही! जणू आग लागावयाची ती शहरातच. वस्तुतः बालाघाटसारख्या जिल्ह्यात लोक मोठ्या संख्येने खेड्यांत राहतात, गवताच्या गंजी आणि धान्याची खळी खेड्यांतच असतात. अकराव्या अनुसूचीत रस्ते, पूल, नावा यांच्या जोडीला दळणवळणाच्या अन्य साधनांचा उल्लेख आहे, पण तो वाहतुकीच्या अर्थाने. संदेश पोहोचविण्याचे काम पंचायतीचे आहे, असे तेथेही कोणी म्हटलेले नाही. परिणाम असा की बंब नगरपालिकेचा, आग पंचायतीच्या हद्दीतील, आणि हद्दीबाहेर धावलेल्या बंबाचा खर्च कोणाच्या नावे लिहावयाचा हा वादाचा विषय. ७ जून २०१७ रोजी बालाघाट शहराजवळच्या खैरी गावी फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट होऊन वीसाहून अधिक माणसे मेली. तेवढ्या भयंकर स्फोटापुढे कोणताही बंब अपुराच ठरावा. पण धोक्याचे कारखाने गावाच्या शिवारात आणि अग्निशमनाचे दायित्व शहराच्या वेशीपर्यंत, ही विसंगती त्या दिवशी साऱ्या देशाला दिसावयास हवी होती.

आता पैशाचा विचार करू. खेड्यापाड्यांत दूरध्वनी पोहोचविणे कोणत्याही कंपनीला परवडणारे नव्हते. म्हणून २००२ पासून सार्वत्रिक सेवा निधी अस्तित्वात आला. दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातून शेकडा पाच या प्रमाणात ही रक्कम घेतली जाते, म्हणजे शेवटी ती प्रत्येक ग्राहकाच्या खिशातून येते. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने याच निधीला डिजिटल भारत निधी असे नाव दिले. डिसेंबर १९९९ मध्ये मध्य प्रदेशाचे मंत्री लिखीराम कावरे यांची बालाघाट जिल्ह्यातील त्यांच्या सोनपुरी या गावीच नक्षलवाद्यांनी हत्या केली, तेव्हा या अरण्यप्रदेशाच्या एकाकीपणाची जाणीव दिल्लीपर्यंत पोहोचली. तरीही नक्षलग्रस्त भागांत मोबाइलचे मनोरे उभारण्याची मोठी योजना मंत्रिमंडळाने मंजूर केली ती ऑगस्ट २०१४ मध्ये. या योजनेच्या पहिल्या टप्प्यात दहा राज्यांत दोन हजारांवर मनोरे उभे राहिले. पैसा ग्राहकांचा, निर्णय दिल्लीचा, प्रयोजन मुख्यतः सुरक्षादलांचे. कोणत्या टेकडीवर मनोरा उभारला तर कोणत्या वाडीतील बाळंतिणीचा निरोप पोहोचेल, हे ज्या ग्रामसभेला ठाऊक, तिला विचारण्याची सक्ती मात्र कोठेच नव्हती.

मनोऱ्यांच्या जोडीला क्रमांक आले. पोलिसांसाठी १००, आगीसाठी १०१ हे जुने. मध्य प्रदेशात २००९ साली रुग्णवाहिकेसाठी १०८ ही सेवा सुरू झाली. १ नोव्हेंबर २०१५ रोजी राज्याने ‘डायल १००’ ही योजना एक हजार वाहनांनिशी आरंभिली आणि तिचे एकच मध्यवर्ती केंद्र भोपाळला ठेवले. इकडे डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या अमानुष घटनेनंतर निर्भया निधी निर्माण झाला होता. त्यातून ३२१.६९ कोटी रुपये ११२ या एकाच राष्ट्रीय क्रमांकासाठी मंजूर झाले. २८ नोव्हेंबर २०१८ रोजी हिमाचल प्रदेशात तो प्रथम सुरू झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मध्य प्रदेशाच्या ‘डायल १००’ ची जागा ‘डायल ११२’ ने घेतली. बैहरच्या रानातील मनुष्य आज ११२ हे आकडे दाबतो, ते ऐकू जातात भोपाळला, आणि तेथून आज्ञा फिरून येते ती त्याच्याच तहसिलीतील एखाद्या गाडीला.

या रचनेवर टीका करण्यापूर्वी तिचे गुण सांगणे न्यायाचे होईल. चोवीस तास, तिन्ही पाळ्यांत शिकलेली माणसे बसविणे लहान नगरपालिकेला झेपणारे नाही. मध्यवर्ती केंद्रामुळे हाकेची नोंद राहते, वेळ नोंदविली जाते आणि गाडी कोठे आहे हे कळते. याहून मोठी गोष्ट अशी की, ज्या आदिवासी स्त्रीला आपल्याच गावच्या बलिष्ठाविरुद्ध तक्रार करावयाची आहे, तिला ओळखीच्या ठाण्यापेक्षा अनोळखी कान अधिक सुरक्षित वाटण्याचा संभव आहे. जुन्या काळी कोटवार मालगुजाराच्या धाकात असे, आणि मालगुजाराविरुद्धची वर्दी ठाण्यावर पोहोचेलच याची शाश्वती नसे. म्हणून कान परत गावात आणावा, असे माझे म्हणणे नाही.

माझे म्हणणे हिशेबापुरते आहे. भोपाळच्या केंद्रात प्रत्येक हाकेची नोंद असते. परंतु बैहर, परसवाडा किंवा लांजी या जनपद पंचायतीच्या सभेत, गेल्या तीन महिन्यांत आपल्या क्षेत्रातून किती हाका गेल्या, किती ठिकाणी गाडी पोहोचली, किती मिनिटांनी पोहोचली आणि कोणत्या गावांतून हाक जाऊच शकली नाही, हे मांडण्याचे बंधन कोणावर आहे? शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा. ज्या गावातून दूरध्वनी लागतच नाही, ते गाव केंद्राच्या नोंदीत शांत दिसते. मलाजखंडकडील एखाद्या पाड्याची शांतता ही सुखाची आहे की मुकेपणाची, हे तेथील पंचच सांगू शकतील. बालाघाटपासून मलाजखंड सुमारे ९० किलोमीटर. भोपाळहून ते दिसावे तरी कसे?

पैशाची वाटही अगदी बंद आहे असे नाही. २०१५ च्या खाण कायद्याच्या दुरुस्तीने प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन करण्याची तरतूद झाली. जुन्या खाणपट्ट्यांवर स्वामित्वधनाच्या शेकडा ३० आणि लिलावाने दिलेल्या पट्ट्यांवर शेकडा १० इतकी रक्कम या प्रतिष्ठानाकडे जमा होते आणि ती खाणींची झळ लागलेल्या गावांसाठी खर्चावयाची असते. आरोग्यसेवा हा तिचा अग्रक्रमाचा विषय आहे. अनुसूचित क्षेत्रातील गावांच्या योजनांना ग्रामसभेची संमती घ्यावी, असाही नियम आहे. बालाघाट जिल्ह्यातील बैहर विकासखंड अशा क्षेत्रात मोडतो. मँगनीज आणि तांबे ज्या भूमीतून निघते, त्या भूमीला एक बंब, एक रुग्णवाहिका आणि निरोप पोहोचविणारा एक मनोरा मागण्याचा अधिकार नाही, असे कोण म्हणेल?

आणि गावे असा भार उचलू शकतात, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. नाशिक, पुणे, अहिल्यानगर या जिल्ह्यांत ग्रामसुरक्षा यंत्रणा चालते. गावात चोर शिरले, बिबट्या आला, आग लागली की एका क्रमांकावर निरोप द्यावयाचा आणि तोच आवाज त्याच क्षणी गावातील साऱ्या फोनवर ऐकू जावयाचा. ग्रामपंचायतींनी वर्गणी भरून तीत भाग घेतला आहे. पोलीस येईपर्यंत शेजारी पोहोचतो, हे तिचे सार. शहरांपुरते पाहावयाचे तर मुंबई महानगरपालिकेचा १९१६ हा आपत्कालीन क्रमांक आहेच. म्हणजे स्थानिक संस्था हाक ऐकू शकत नाहीत हा समज खरा नव्हे. लहान संस्थांना ते काम कायद्याने कधी सांगितले गेले नाही, एवढेच खरे.

श्रोतेहो, कोटवाराचा काळ परत यावा असे कोणीही इच्छिणार नाही. त्याचे पाय थकत आणि त्याच्या पोटाला पुरेसे मिळत नसे. परंतु तो उशिरा पोहोचला तर दुसऱ्या दिवशी गावच्या पारावर त्याला विचारणारे लोक होते. आजची गाडी त्याच्यापेक्षा शंभरपट वेगाने धावते. ती उशिरा आली तर कोणत्या पारावर विचारावयाचे, हे बालाघाटच्या नागरिकाला आजही ठाऊक नाही. १८८२ साली वेगळ्या झालेल्या या दोन वाटा एकत्र आणावयाच्या असतील, तर नव्या यंत्रांची गरज नाही. जनपद पंचायतीच्या तिमाही सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत एका विषयाची भर घातली आणि तेवढ्यापुरता एक तक्ता भोपाळहून मागविला, तर आरंभ करण्यास तेवढे पुरे आहे.